दुबईत कंपनी काढायचीय? विमानाच्या तिकिटाआधी बँकेची पायरी चढा

नाशिक : कांदा असो की द्राक्ष, आखातात माल पाठवणाऱ्याला एक फोन कधी ना कधी येतोच. कंटेनर जेबेल अली बंदरात उतरतो आणि दोन दिवसांनी तिकडचा व्यापारी सांगतो, "माल गरम लागलाय, ठरलेला भाव देता येणार नाही." पेटी उघडली तेव्हा आपलं माणूस तिथं नसतं. फोटो येतात, ते याच कंटेनरचे आहेत की दुसऱ्या, हे कळायला मार्ग नाही. माल परत आणायचा तर भाडंच मालापेक्षा जड. शेवटी निर्यातदार तोट्यात हो म्हणतो, आणि त्याची झळ बांधावर ज्याचा माल उचलला त्या शेतकऱ्यापर्यंत पोचते.

निफाड, दिंडोरी, चांदवड, बागलाण या पट्ट्यात "आपलीच कंपनी दुबईत काढू" हा विचार मूळ धरतो तो इथून. माल उतरवून घेणारा आपला, पेटी उघडणारा आपला, विकणाराही आपला. विचार चुकीचा नाही. याच दुखण्यावर औषध म्हणून मोबाइलवर जाहिराती येऊन पडतात : सात दिवसांत दुबईत कंपनी, शंभर टक्के मालकी, शून्य टक्के टॅक्स. यातली प्रत्येक गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेलं अर्धं एजंट सांगत नाही, कारण ते बरंचसं दुबईत नसून भारतात आहे.

मालकी शंभर टक्के, पण विकायचं कुठं?

पूर्वी संयुक्त अरब अमिरातीत फ्री झोनच्या बाहेर कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाच्या नावावर ठेवावा लागे. जून २०२१ पासून बहुतेक व्यापारासाठी ती अट गेली. म्हणजे 'शंभर टक्के मालकी' आता फ्री झोनमध्येही मिळते आणि बाहेर, ज्याला तिकडे मेनलँड म्हणतात, तिथंही.

खरा फरक विक्रीत आहे. फ्री झोन म्हणजे कस्टम्सच्या दृष्टीने आणि परवान्याच्या दृष्टीने वेगळा आखलेला इलाखा. जेबेल अलीचा फ्री झोन १९८५ चा, बंदराला लागूनच. अशा ठिकाणी कंपनी असेल तर माल आणून ठेवता येतो, पुन्हा दुसऱ्या देशात पाठवता येतो. पण दुबईच्या अल अवीर भाजी मार्केटमध्ये गाळा घेऊन रोजची विक्री करायची, हॉटेलांना, दुकानांना माल घालायचा, तर फ्री झोनचं लायसन्स एकटं पुरत नाही. मेनलँडचा परवाना हवा किंवा मेनलँडवाला वितरक मध्ये हवा. २०२५ मध्ये दुबईने फ्री झोनमधल्या कंपन्यांना वेगळी परवानगी घेऊन बाहेर काम करण्याची वाट उघडली, पण ती परवानगीही वेगळी आणि तिची फीही वेगळी.

शिवाय लायसन्सवर व्यवसायाचा प्रकार लिहिलेला असतो. 'जनरल कन्सल्टन्सी' असं स्वस्तातलं लायसन्स काढून कांद्याचा कंटेनर सोडवता येत नाही. फळं-भाजीपाला व्यापार असा स्पष्ट उल्लेख लागतो, कस्टम्सचा आयातदार कोड लागतो आणि दुबईत माल आणायचा तर दुबई महापालिकेकडे अन्न आयातदार म्हणून नोंद लागते. एजंटने दिलेल्या कोटेशनमध्ये यातलं काय आहे आणि काय नाही, हे लेखी मागून घेतलेलं बरं. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा व्हिसा, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी, गोदाम आणि दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण सोडून असतो.

सात दिवसांत लायसन्स हातात येतं, हे मात्र खरंच. काही फ्री झोन त्याहून लवकर देतात. बँक खात्याचं मात्र तसं नाही. तिकडच्या बँका मालकाची चौकशी बारकाईने करतात : पैसा कुठला, भारतात धंदा काय, गिऱ्हाईक कोण, मागची बिलं दाखवा, करार दाखवा. मालक तिथला रहिवासी नसेल तर खातं मिळणं आणखी अवघड. अनेक आठवडे जातात, कधी नकारही येतो. मोठी किमान शिल्लक ठेवण्याची अट असते ती वेगळीच. खातं नसलेली कंपनी म्हणजे बैल नसलेली गाडी. लायसन्सची फी मात्र दरवर्षी चालू.

पैसे इथून जायचे कसे?

बहुतेकांची गाडी अडते ती इथं. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशी कंपनीचे शेअर घेणं म्हणजे परदेशी गुंतवणूक. त्यासाठी २२ ऑगस्ट २०२२ पासून नवे नियम लागू आहेत. एकट्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. दिरहमचा दर डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला असल्याने हे होतात सुमारे ९ लाख १८ हजार दिरहम. एक-दोन कंटेनरचा व्यापार सुरू करायला ही मर्यादा आड येत नाही. आड येतात त्या अटी.

पहिली अट क्रमाची. परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेत 'फॉर्म एफसी' भरायचा, त्यावरून रिझर्व्ह बँकेकडून त्या गुंतवणुकीला 'यूआयएन' हा क्रमांक मिळतो, आणि मग पैसे निघतात. प्रत्यक्षात घडतं उलटं. दुबई फिरायला गेलेला माणूस तिथंच एजंटच्या ऑफिसात बसून क्रेडिट कार्डवर फी भरतो, शेअर नावावर होतात, आणि इथल्या बँकेला पत्ता नसतो. कागदावर भागभांडवल एक लाख दिरहम लिहिलेलं, भरलेलं शून्य. "भांडवल भरावंच लागत नाही" हे एजंटचं म्हणणं त्या फ्री झोनपुरतं खरं असेलही, पण शेअर नावावर आले की भारताच्या दृष्टीने गुंतवणूक झाली. ती न कळवता झाली, तर पुढे त्या कंपनीत अधिकृतपणे पैसे पाठवायला गेल्यावर बँक पहिला प्रश्न तोच विचारते. उशिरा कळवल्याची फी भरून काही चुका दुरुस्त होतात, सगळ्या नाही. हवाल्याने किंवा कुणाच्या हाती रोख पाठवलेल्या पैशाला तर दुरुस्तीच नाही.

दुसरी अट कर्जाची, आणि आपल्याकडे ती बऱ्याच जणांना लागू पडते. ज्याचं कोणत्याही बँकेतलं खातं थकीत होऊन एनपीएत गेलंय, त्याला परदेशात गुंतवणूक करण्याआधी त्या बँकेचं ना-हरकत पत्र घ्यावं लागतं. सीबीआय, ईडी अशा यंत्रणांची चौकशी चालू असेल तर त्यांचं. मागणी करून ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरलं जातं. पण मागणी करावीच लागते. ट्रॅक्टरचे हप्ते राहिलेत, पीककर्ज थकलंय, आणि माणूस दुबईच्या लायसन्सची फी भरून बसलाय, असं होऊ नये. आधी आपलं खातं कुठल्या वर्गात आहे ते बँकेत विचारून घ्यावं.

जमीन तारण ठेवून कर्ज काढायचं आणि ते दुबईला पाठवायचं, हेही चालत नाही. या योजनेखाली भांडवली गुंतवणुकीसाठी पैसे पाठवायला बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे स्वतःचे हवेत. घरातल्या चौघांच्या मर्यादा एकत्र करून एकाच्या नावावर शेअर घेणंही बसत नाही. ज्याच्या नावाने पैसे जातील तो त्या कंपनीत भागीदार असला पाहिजे.

पैसे पाठवताना बँक एक रक्कम कापते, टीसीएस. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जेवढे पाठवाल, त्यावर २० टक्के. समजा ३० लाख पाठवायचे, तर वरच्या २० लाखांवर ४ लाख रुपये आधीच वेगळे काढावे लागतात. हा खर्च नाही, इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण हंगामाच्या तोंडावर चार लाख अडकणं म्हणजे काय, हे धंदेवाल्याला सांगायला नको.

व्यक्तीऐवजी संस्थेच्या नावाने जायचं असेल तर नियम वेगळे. शेतकरी उत्पादक कंपनी, एलएलपी, नोंदणीकृत भागीदारी फर्म यांना शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या नेटवर्थच्या चौपट मर्यादेपर्यंत परदेशी गुंतवणूक करता येते. शिवाय अशा संस्था दुबईतल्या आपल्या कंपनीला कर्ज देऊ शकतात, तिच्यासाठी हमी देऊ शकतात. एकट्या माणसाला फक्त शेअर घेता येतात. प्रोप्रायटरी फर्म मात्र संस्था धरली जात नाही, तो एकटा माणूसच. आणि संस्थेच्या नावाने गेलं की कागद वाढतात : नोंदणी प्रमाणपत्र, घटना, संचालक मंडळाचा ठराव, हे सगळं नोटरी, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग युएईचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा त्यांचं परराष्ट्र मंत्रालय, अशा शिक्क्यांच्या रांगेतून न्यावं लागतं.

नाव दुसऱ्याचं, पैसा आपला

या सगळ्या कटकटीवर गावाकडचा उपाय तयार असतो. "आपला भाचा आहे की दुबईला. त्याच्या नावावर काढू."

तिकडे नोकरीला स्थिरावलेला मुलगा किंवा भाचा भारतीय कायद्याने अनिवासी असेल, आणि त्याने स्वतःच्या तिकडच्या कमाईतून कंपनी काढली, तर वरचे परदेशी गुंतवणुकीचे नियम त्याला लागत नाहीत. ती सरळ वाट आहे. पण मग कंपनी त्याची. शेअर त्याचे, खात्यावर सही त्याची, नफा त्याचा. पैसा इथल्या काकांचा आणि नाव भाच्याचं, असा तोंडी सौदा असेल तर भांडण झाल्यावर काकांकडे दाखवायला काहीच नसतं. आणि तो पैसा कसा गेला हे सरकारने विचारलं तर उत्तर देणंही काकांनाच आहे. ओळखीच्या एखाद्या 'पार्टनर'च्या नावाने काढलेल्या कंपनीत धोका याहून मोठा. कंटेनरच्या भावात फसू नये म्हणून जी कंपनी काढायची, तिच्यातच फसायचं, असा हा प्रकार.

शून्य टक्के टॅक्सची गोष्ट

आता जाहिरातीतला सगळ्यात गोड भाग. युएईत व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, हे खरं. पण १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून तिथं कंपन्यांच्या नफ्यावर कर आला आहे. ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्यावर ९ टक्के. कंपनीला ५ लाख दिरहम नफा झाला तर वरच्या सव्वा लाखावर ११ हजार २५० दिरहम. फ्री झोनमधल्या कंपनीला शून्य दर मिळू शकतो, पण तो विशिष्ट प्रकारच्या उत्पन्नावर, ऑडिट केलेल्या हिशेबावर आणि तिथं प्रत्यक्ष कामकाज असल्याच्या अटीवर. आणि कर शून्य येणार असला तरी करखात्याकडे नोंदणी करावीच लागते. उशीर झाला तर १० हजार दिरहम दंड आहे. ५ टक्के व्हॅट २०१८ पासून वेगळाच; वर्षाची करपात्र उलाढाल ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर गेली की त्याचीही नोंदणी सक्तीची.

तरीही तिकडचा कर हलका आहे, यात वाद नाही. घोळ होतो तो इथल्या हिशेबात.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्याकडे अनेक बागायतदार आयकर रिटर्न भरतच नाहीत. परदेशी कंपनीचा एक शेअर जरी नावावर आला, तरी भारतात राहणाऱ्या माणसाला रिटर्न भरणं सक्तीचं होतं, इथलं करपात्र उत्पन्न शून्य असलं तरी. साधा फॉर्म चालत नाही. परदेशी मालमत्तेचं 'शेड्यूल एफए' असलेला फॉर्म भरावा लागतो. त्यात कंपनीही दाखवायची आणि तिथं स्वतःच्या नावे बँक खातं असेल तर तेही. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली वर्षाला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. स्थावर मालमत्ता सोडून बाकी परदेशी मालमत्ता २० लाख रुपयांपर्यंत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याची जबाबदारी सुटलेली नाही. "त्यांना कसं कळणार?" असं कुणी म्हणेल. युएईतल्या बँका भारतातल्या रहिवाशांच्या खात्यांची माहिती तिथल्या सरकारमार्फत भारताच्या आयकर खात्याला दरवर्षी देतात. विचारावी लागत नाही, आपोआप येते.

दुबईच्या कंपनीने काढलेला लाभांश इथं आला की तो शेतीचं उत्पन्न धरला जात नाही, द्राक्षं आपल्याच बागेतली असली तरी. त्यावर मालकाच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो.

आणि भाव. समजा, बाकीचे निर्यातदार ज्या प्रतीचं द्राक्ष किलोला ११० रुपयांनी दुबईला पाठवतात, ते आपण आपल्याच कंपनीला ७० रुपयांनी पाठवलं. ४० रुपये तिकडे राहिले, कर हलका लागला. हाच तो 'टॅक्स वाचवण्याचा' सल्ला, जो चहाच्या टेबलावर फुकट मिळतो. दोन्हीकडचा मालक एकच असेल तर परक्या गिऱ्हाइकाला जो भाव लावला असता तोच लावला पाहिजे, असं भारतीय करकायदा सांगतो. अशा व्यवहाराचा सीएकडून वेगळा अहवाल द्यावा लागतो, रक्कम कितीही लहान असो. भाव कमी दाखवलेला आढळला तर उरलेले ४० रुपये इथल्याच उत्पन्नात धरले जातात. शिवाय निर्यातीचं बिल जेवढ्याचं, तेवढे पैसे ठरलेल्या मुदतीत भारतात आले पाहिजेत, गिऱ्हाईक आपलीच कंपनी असली तरी. 'घरचाच पैसा आहे, येईल सावकाश' हे बँक ऐकत नाही.

दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा कामगिरी अहवाल बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला जातो. कंपनीचा ताबा आपल्याकडे असेल तर तो ऑडिट केलेल्या हिशेबावर. म्हणजे फ्री झोनने ऑडिट मागितलं नाही तरी आपल्याला ते करून घ्यावं लागणार, आणि त्याचा खर्च दिरहममध्ये.

मग काढावी की नाही?

वर्षाला चार-पाच कंटेनर जात असतील तर हा डोलारा त्यावर उभा राहत नाही. दुबईला माल विकायला दुबईत कंपनी लागतच नाही. इथला आयात-निर्यात कोड, अपेडाची नोंदणी आणि चांगलं गिऱ्हाईक एवढ्यावर धंदा होतो. भारत-युएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्याचा फायदाही इथूनच, मालाच्या मूळ देशाचं प्रमाणपत्र घेऊन मिळतो. फोनवरच्या रडगाण्यावर स्वस्त उपाय म्हणजे काही रक्कम आगाऊ घेणं आणि बंदरावर माल उघडताना त्रयस्थ सर्व्हेअर उभा करणं, ज्याचा अहवाल दोघांनाही बांधील राहील असं करारात आधीच लिहून. ईसीजीसीचा विमा गिऱ्हाईक बुडालं किंवा पैसे दिले नाहीत तर कामी येतो. पण मालाच्या प्रतीवरून वाद असेल तर तिथल्या कोर्टाचा निकाल हाती येईपर्यंत तो विमा सहसा हलत नाही. म्हणून सर्व्हेअरचा कागद विम्याच्या कागदाइतकाच महत्त्वाचा.

हंगामभर माल जात असेल, तिथं राहायला घरचं विश्वासू माणूस तयार असेल, कोल्ड स्टोरेजची जागा आणि रोजची गिऱ्हाइकं आधीच जुळली असतील, तर मात्र स्वतःची कंपनी कामाची ठरते. माल उतरल्यावर निवड करून चांगला वेगळा, डागी वेगळा विकता येतो, आणि भाव पाडणारा फोन बंद होतो. माणूस तिथं खरंच राहणारा हवा. साधा निवासी व्हिसा सलग सहा महिने बाहेर राहिल्यास साधारणपणे रद्द होतो.

कंपनी बंद करायची वेळ आली तर नुसतं लायसन्स संपू दिलं की झालं, असं समजू नये. व्हिसे रद्द करणं, करखात्याची नोंदणी काढणं, फ्री झोनकडे रीतसर बंद करणं, हे राहिलं की दंड साठत जातो. इथं शेअर विकून किंवा कंपनी गुंडाळून जे पैसे मिळतील ते ९० दिवसांत भारतात आणायचे आणि आल्यावर ३० दिवसांत बँकेला कळवायचं असतं.

तालुक्याच्या शाखेत या कामाचा फॉर्म बहुतेक वेळा मिळत नाही, पतसंस्थेत तर नाहीच. फाइल नाशिकच्या परकीय चलन व्यवहार करणाऱ्या शाखेत जाते. जाताना पासपोर्ट, पॅन, मागच्या वर्षांची रिटर्न असतील तर ती, कर्जखात्यांचे उतारे आणि एजंटने दिलेलं लेखी कोटेशन सोबत न्यावं. एजंटला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी ही एक फेरी झाली पाहिजे.